आमच्या मंडळीच्या स्मरणिकेत कुठल्या तारखा घालायच्या?

सध्या आमच्याकडे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, स्मरणिकेचं काम चाललंय. वर्धापनदिन जवळ आला की सगळीकडे होतं तसंच झालं, पंचांनी एक समिती नेमली, मी थोडंफार लिहिते म्हणून माझं नाव त्यात घातलं, आणि पहिल्याच मीटिंगला 'महत्त्वाच्या तारखा' असं वर लिहिलेला एक कागद माझ्यासमोर आला. कोनशिला कधी बसवली, घंटा कधी आली, पत्रे काढून स्लॅब कधी टाकला, पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, घर कधी बांधलं, फरशी, साउंड सिस्टीम, आणि कुठल्या वर्षी कुठले बिशपसाहेब येऊन गेले. या तारखांना मी नावं ठेवत नाहीये. त्या स्लॅबसाठी लोकांनी कांद्याच्या पट्टीतले पैसे काढून दिलेत, रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांनी वर्गणी भरलीये, त्या तारखा छापायलाच पाहिजेत. पण कागद वाचताना सारखं वाटत राहिलं की हा इमारतीचा इतिहास झाला, मंडळीचा नाही. मंडळी म्हणजे माणसं, आणि ही माणसं कुठे वळली, कुणामुळे वळली, त्यासाठी कुणाला काय सोडावं लागलं, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. स्मरणिकेत मला दोन पानं मिळालीयेत, त्यात हे मावणार नाही. आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात नगरच येतं, आणि परंपरा अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची, त्यामुळे मी बोलतेय ते या मंडळ्यांबद्दल. कॅथलिक भावंडांचा, वसईकरांचा इतिहास वेगळा आणि खूप जुना, तो त्यांनीच सांगावा.

सुरुवात सगळ्यांना पाठ असते, संडे स्कूलमध्ये शिकवलेली. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईत उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायची तयारी झाली होती, तरी ते राहिले. 1826 मध्ये हॉल नाशिकच्या बाजूला फिरत असताना कॉलऱ्याने गेले. त्याच वर्षी मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापून झाला. 1831 च्या डिसेंबरात मिशनने नगरला ठाणं केलं आणि 1833 मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. हे सगळं स्मरणिकेच्या पहिल्या पानावर येईलच, मोठ्या अक्षरात येईल.

पण स्थापना म्हणजे वळण नव्हे ना. स्थापनेच्या दिवशी मंडळी फक्त सुरू होते, ती कशी निघणार हे त्या दिवशी ठरत नाही. माझ्या मते नगरच्या मंडळीचं पहिलं खरं वळण 1839 सालचं. मंडळीत सुरुवातीला आलेली माणसं बहुतेक गोरगरीब, अन्नछत्राच्या आसऱ्याने जगणारी, गावकुसाबाहेरची. आणि 1839 मध्ये हरी रामचंद्र खिस्ती (खिस्ती हे आडनाव) हे ब्राह्मण गृहस्थ बाप्तिस्मा घेऊन त्याच मंडळीत आले. आता हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका. पेशवाई जाऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. सावली पडली तरी विटाळ मानणारा तो समाज, पाणवठे वेगळे, रस्ते वेगळे, आणि इथे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यायच्या प्रसादाला, एक भाकर आणि एक प्याला. हरिपंतांसाठी वेगळा प्याला ठेवला असता तर? अमेरिकन साहेबांना ते सोयीचं वाटलं असतं तर? तर आज आपल्याकडेही वेगवेगळ्या जातींच्या वेगवेगळ्या मंडळ्या असत्या, भारतात काही ठिकाणी चर्चमध्ये बसायच्या जागा आणि कबरस्तानं सुद्धा जातीने वेगळी राहिली, हे काही लपलेलं नाही. नगरला तो प्याला एकच राहिला. जात आपल्या घरांतून, आपल्या सोयरिकींतून पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, लग्न ठरवताना कोण कुठल्या गावचं आणि मूळचं कोण हे आजही हळूच विचारलं जातं, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. पण उपासनेत, वेदीपाशी, ती भिंत उभी राहू शकली नाही, आणि ती उभी राहू शकली नाही याचं कारण कुठलातरी ठराव नाही, पहिल्या पिढीतली माणसं एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकून बसली एवढंच आहे.

त्याच काळातलं अजून एक नाव, मिस सिंथिया फॅरार. लग्न न केलेली बाई, 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आली, पुढे नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच देह ठेवला. या बाईंच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला त्यांच्याकडे घेतलं. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, मंडळीच्या रजिस्टरात त्यांचं नाव कधी आलं नाही, मंडळीची संख्या एकानेही वाढली नाही, पण महाराष्ट्राचं वळण तिथून गेलं. आपल्या मंडळ्यांना हे सांगायला अभिमान वाटतो आणि वाटायलाच पाहिजे, फक्त तो सांगताना आपण सगळं श्रेय ओढून घ्यायला जातो ते मला पटत नाही. फॅरारबाईंनी शिकवलं, आणि ती विद्या कुठे न्यायची हे सावित्रीबाईंनी ठरवलं.

आता दुसरं वळण, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, पण कुठल्याही स्मरणिकेत त्याला चार ओळींच्या वर जागा मिळत नाही. 1854-55 मध्ये बोस्टनहून मिशनचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचं म्हणणं असं होतं की मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि सुवार्ता सांगायचं कामही स्वतः करावं, मिशनरी म्हणजे कायमचा मालक नव्हे, त्याने काम उभं करून पुढे निघून जायचं. त्याच दिवसांत हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. म्हणजे हात ठेवून, प्रार्थना करून, नगरच्या मंडळीची सूत्रं मराठी माणसाच्या हातात दिली गेली. 1857 च्याही आधी! राजकारणात 'स्वराज्य' हा शब्द सभेत बोलायला अजून कितीतरी वर्षं होती.

हे सगळं गोड गोड झालं असंही नाही. त्याच पाहणीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड आली, खेड्यात मराठीतून उपदेश हेच मुख्य काम, इंग्रजी शिक्षणावर पैसा कशाला, असा तो विचार होता, आणि काही मिशनऱ्यांनाही तो पटला नव्हता. मला स्वतःला वाटतं की त्यात आपल्या लोकांचं नुकसान झालं, ज्या घरांना गावात कुणी अक्षरही शिकवणार नव्हतं त्यांच्या मुलांना इंग्रजीची दारं अजून काही वर्षं उघडी राहिली असती तर पुढच्या पिढ्या वेगळ्या दिसल्या असत्या. एकाच निर्णयात एक हात देणारा आणि एक हात काढून घेणारा, मंडळीची वळणं अशीच मिश्र असतात. तरीपण सूत्रं दिली ही गोष्ट राहतेच. वेतन मिशनकडून येत राहिलं, खूप वर्षं येत राहिलं, साहेबाच्या बंगल्यावर जाऊन उभं राहायची सवयही लवकर गेली नाही, पण प्रवचनाच्या जागेवर आपला माणूस उभा राहू शकतो हे एकदा दिसलं की मग ते परत झाकता येत नाही.

आणि त्याचा परिणाम बघा कुठे दिसला. चाळीस वर्षांनंतर, 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी हट्ट धरला होता की बाप्तिस्मा घेईन तर भारतीय पाळकाच्या हातून, आणि तो दिला रेव्हरंड तुकाराम नथोजींनी. भारतीय पाळक हजर होते म्हणून टिळकांचा हट्ट पुरा होऊ शकला. हरिपंतांवर आणि रामकृष्णपंतांवर हात ठेवले गेले नसते तर तुकाराम नथोजी पाळक म्हणून उभे असते का, आणि ते नसते तर टिळक ज्या मनाने आत आले त्या मनाने आले असते का, मला शंका आहे. स्मरणिकेत या दोन तारखा शेजारी शेजारी छापाव्यात असं माझं म्हणणं आहे. समितीत कुणीतरी म्हणालं की दोन्ही गोष्टी आपल्या मंडळीत घडल्या नाहीत. खरं आहे. पण आपण दर रविवारी जे गातो ते त्यातूनच आलंय.

टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती गीतं नव्हती असं नाही, हेन्री बॅलंटाइन साहेबांनी मेहनत घेऊन पुष्कळ गीतं केली होती, ज्ञानोदय हे नियतकालिक नगरला 1842 मध्ये सुरू झालं त्यामागेही तेच होते. पण चाली बहुतेक विलायती, त्यात मराठी शब्द बसवायचे म्हणजे कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ, कुठे अर्धा श्वास. साहेबाला ते चालत होतं, शहरातल्या शिकलेल्या ख्रिस्ती लोकांना सवय झाली होती, खेड्यातल्या बाईने मात्र ते जात्यावर कसं म्हणायचं? टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, पदं आणली. कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, तबला, पेटी, सगळं जसंच्या तसं, आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं किंवा चांगल्या शोमरोन्याचं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगायचे, आणि त्यांनी तो पूल स्वतः पार केल्यावर मोडून टाकला नाही, उलट त्यावरून सगळ्या मंडळीला ये-जा करायला लावली.

याला विरोध झाला नसेल असं कसं होईल. ज्यांनी घरदार सोडून, शिव्याशाप खाऊन जुनं मागे टाकलं होतं, त्यांना टाळाचा आवाज ऐकून धास्ती वाटणं मी समजू शकते. ज्यांना देवळाच्या आत कधी येऊच दिलं नाही त्यांना देवळातल्या चालींचं प्रेम का असावं, हा प्रश्नही खरा आहे, आणि आजही आमच्यात काही जण तो विचारतात. पण अभंग ही देवळाची मालमत्ता नव्हती ना कधी. चोखोबा पायरीबाहेर उभे राहून अभंगच गात होते. आमच्या खेड्यातल्या लोकांना ती चाल परकी नव्हतीच, ती त्यांच्या आज्यापणज्यांच्या गळ्यातली होती, टिळकांनी फक्त सांगितलं की ती घेऊन आत या.

माझी आजी अंगठा लावायची. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, तिला वाचता यायचा नाही. पण उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली गाणी तिला कडव्यांसकट पाठ, नंबर तिच्या ध्यानात नसायचा, सूर लावला की पुढचं आपोआप. खुरपताना गायची, भाकरी थापताना गायची, आणि दुःखाच्या बैठकीला, जिथे आम्हा शिकलेल्यांना काय बोलावं सुचत नसे, तिथे ती एक पद सुरू करायची आणि सगळ्या बायका मागून घ्यायच्या. तिचं सगळं धर्मज्ञान त्या गाण्यांत होतं. त्यामुळे मला कुणी विचारलं की आपल्या मंडळीचं सगळ्यात महत्त्वाचं वळण कुठलं तर मी तारीख सांगू शकणार नाही, ज्या दिवशी न वाचता येणारी बाई पुस्तकाशिवाय उपासना करू शकली तो दिवस, मग तो कुठल्या गावात, कुठल्या वडाखाली आला असेल कोण जाणे.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधीच एक दिवस त्यांनी विचार करून करून मनातला विटाळ काढून टाकला, ही जात देवाने केलेली नाही, माणसाने केलीये, असं त्या स्वतःच्या डोक्याने ठरवून मोकळ्या झाल्या. त्यांना कुणी प्रवचन देऊन पटवलं नव्हतं. टिळकांचं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं महाकाव्य, अर्धवट राहिलं तेव्हा ज्या बाईला लहानपणी धड शाळा मिळाली नाही तिने ते पुढे नेऊन पुरं केलं. आमच्या महिला मंडळात टिळकांची जयंती होते, लक्ष्मीबाईंची होत नाही, याचं मला वाईट वाटतं आणि यंदा मी तो विषय काढणार आहे.

टिळकांच्याच आयुष्यातली एक गोष्ट आहे जिला मी 'न घेतलेलं वळण' म्हणते. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ज्यांना ख्रिस्त आवडतो, ज्यांना त्याच्यामागे जायचंय, त्यांनी एकत्र यावं, बाप्तिस्मा झालेला असो नसो. 9 मे 1919 ला टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यावर मंडळीने ठराव करून नाही म्हटलं असं काही नाही, नुसतं कुणी पुढे नेलं नाही. मला हे वाचताना दर वेळी चटका लागतो. आपल्या आजूबाजूला अशी किती माणसं आहेत, नाताळात येऊन मागच्या बाकावर बसतात, घरात येशूची तसबीर असते, आजारपणात पाळकसाहेबांना प्रार्थनेला बोलावतात, पण रजिस्टरात नाव घालणार नाहीत, घालूही शकणार नाहीत. त्यांना आपण काय म्हणतो, 'ते आपले नाहीत'. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती आणि ती आपण बुजवून टाकली.

दुष्काळांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. 1876 ते 78 चा, मग 1896-97 चा आणि 1899-1900 चा, या दुष्काळांत मंडळ्या वाढल्या, मिशनच्या आवारात अनाथ मुलांची वसतिगृहं भरली, तिकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात गुजरात आणि मध्य प्रांतातून आणलेल्या मुली येऊन राहिल्या. 'पोटासाठी धर्म सोडला' हा टोमणा आमच्या कितीतरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. माझं उत्तर साधं आहे, हो, पोट होतं. गावाने ज्याला विहिरीवर येऊ दिलं नाही आणि दुष्काळात मरायला सोडून दिलं, त्याला कुणी भाकरी दिली आणि बसायला शेजारी जागा दिली, तर तो तिकडे गेला यात लाजायचं त्याने का? लाजायचं असेल तर ज्यांनी मरायला सोडलं त्यांनी. त्या वसतिगृहांतून मोठ्या झालेल्या मुलामुलींतूनच पुढच्या पिढीचे शिक्षक, नर्सेस, घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबल बाया तयार झाल्या.

यानंतरचं वळण मात्र मंडळीने घेतलेलं नाही, तिच्यावर आणलं गेलं. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना, पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही त्याच्या बाहेर आहेत. कागदावर चार ओळी, पण आमच्या खेड्यातल्या मंडळ्यांचं त्याने काय झालं हे ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच कळेल. मंडळीच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बापाने बाप्तिस्म्याला मुलाचं नाव दानिएल ठेवायचं आणि मास्तरांना सांगताना दिनकर सांगायचं, कारण फी माफी, हॉस्टेल, उद्याची नोकरी. मग मुलगा नोकरीला लागला की तो रविवारी येणं कमी करतो, कुणी बघेल, कुणी तक्रार करेल. विश्वास गेलेला नसतो, भीती बसलेली असते. लग्न बाहेरगावी, मयत मात्र मंडळीत, कारण मेलेल्या माणसाचा दाखला कुणी काढायला येत नाही.

त्याच काळात, 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि एकाच भावकीत काही घरं बौद्ध झाली, काही ख्रिस्ती राहिली. आमच्या गावाकडे अजून तसंच आहे, एका गल्लीत 14 एप्रिलची मिरवणूक आणि 25 डिसेंबरची गाणी, दोन्हीकडे तीच माणसं नाचतात आणि मला ते फार चांगलं वाटतं. पण मंडळीने त्या वेळी या माणसांशी बोलायला पाहिजे होतं, त्या दीक्षेचा अर्थ काय, आपल्याकडे समता आहे म्हणतो तर ही माणसं आपल्याकडे का आली नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारायला पाहिजे होता. तो विचारला गेल्याचं निदान आमच्या जुन्या कागदपत्रांत तरी मला दिसलं नाही. तिथे त्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीची चर्चा आहे.

आणि मग 29 नोव्हेंबर 1970, नागपूर. सहा वेगवेगळे चर्च गट एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. अँग्लिकन, आमचे काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन ज्यात आधीच 1924 मध्ये एकत्र आले होते ते युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, डिसायपल्स. अमेरिकन मेथॉडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये, म्हणजे एकेचाळीस वर्षं माणसं टेबलाभोवती बसत होती, ज्यांनी सुरू केलं त्यातले किती जण तो दिवस बघायला होते कोण जाणे. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समजत्या वयात, यावर परदेशात चर्चची शकलं झालेली, इथे दोन्ही पद्धती मान्य करून एका छताखाली ठेवल्या. मला हे विलक्षण वाटतं, आजही वाटतं. भांडण बोस्टनचं आणि लंडनचं होतं, ते आपण नगरच्या खेड्यात का चालवायचं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांनी ते संपवून दाखवलं.

पण आमच्या मंडळ्यांनी त्या दिवशी जे दिलं ते स्वस्त नव्हतं. काँग्रिगेशनल परंपरेत मंडळीची सभा हीच सगळ्यात वर. कुणी बिशप नाही, कुणी वरून हुकूम पाठवणार नाही. गावातला शेतमजूर आणि मिशन हायस्कूलचा हेडमास्तर, दोघांचं मत सारखं. बिशप, डायोसिस (बिशपचा प्रांत), सिनड (सगळ्या चर्चची वरची सभा) हे आल्यावर पाळक कुठला द्यायचा, जमिनीचे कागद कुणाच्या नावावर, हे मंडळीच्या हातातून गेलं. त्यानंतर मालमत्तेवरून आणि पदांवरून ठिकठिकाणी जे चाललं, कोर्टकचेऱ्या, एकाच चर्चला दोन गट, ते पाहून जुनी माणसं म्हणतात मिशनचं राज्य बरं होतं. ते बरं नव्हतं, इतकं मी वाचलंय. पण 1970 ला आम्ही एकी घेतली आणि सभेचं बळ सोडलं, यातली पहिली गोष्ट आम्ही छापतो आणि दुसरी छापत नाही. दोन्ही छापल्या पाहिजेत. मला एकी सोडायची नाहीये, मला ती सभा परत हवीये, जिथे शेतमजूर उठून बोलतो.

हे सगळं मांडल्यावर माझ्या लक्षात आलं की जिथे जिथे मंडळी खरी वळली तिथे कुणीतरी हातातलं काहीतरी सोडलं होतं. हरिपंतांनी मान सोडला, साहेबांनी व्यासपीठ सोडलं, चालींवरचा हक्क सोडला, 1970 मध्ये आपापली नावं सोडली. आणि जिथे काही धरून ठेवलं, दरबाराच्या वेळी रजिस्टर, 1956 ला कंपाउंडची भिंत, तिथे रस्ता निघून गेला आणि आम्ही होतो तिथेच राहिलो.

कोविडचं काय म्हणून समितीत विचारणा झाली. 2020 च्या वसंतात चर्च बंद, पुनरुत्थानाचा सण मोबाइलवर, पाळकसाहेब रिकाम्या बाकांसमोर बोलतायत आणि आम्ही घरात सतरंजीवर. ते वळण होतं की नुसती अडचण हे ठरवायला अजून वेळ आहे. एक मात्र झालं, पुण्याला, चाकणला, भिवंडीला कामाला गेलेली आमची पोरं जी वर्षानुवर्षं रविवारी कुठेच जात नव्हती ती त्या लाइव्हवर दिसायला लागली, नाव दिसायचं फक्त, पण दिसायचं. चर्च उघडल्यावर लाइव्ह बंद केलं, नेटचा खर्च आणि कॅमेरा कोण धरणार म्हणून. ती नावं परत गेली.

आता तरुण संघाने पंचांना अर्ज दिलाय. महिन्यातला एक रविवार आम्हाला द्या, उपासना आम्ही चालवू, गाणी आम्ही निवडू, त्यात गिटारही असेल आणि टाळही असतील, आणि ते लाइव्ह जाईल, त्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू. अर्जाखाली सह्या आहेत त्यात मुलींच्या सह्या मुलांपेक्षा जास्त आहेत, आणि शास्त्रपाठावर बोलायचं काम एका मुलीने मागितलंय, नर्सिंग करते ती, तिचं नाव इथे लिहीत नाही. पंचांत दोन मतं आहेत. एक गट म्हणतो पोरांना अजून समज नाही, प्रभुभोजनाचा रविवार सोडून दुसरा द्या, प्रवचन पाळकसाहेबांनीच करावं, मुलांनी फक्त गाणी म्हणावी. म्हणजे 1854 च्या आधी साहेब जे म्हणत असतील तेच.

पुढच्या महिन्यातल्या सभेत तो अर्ज येणार आहे. मी बोलणार आहे, आणि बोलताना हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडकांचं नाव घेणार आहे, कारण सभेत बसलेल्या बऱ्याच जणांनी ते कधी ऐकलेलं नाही. ज्यांच्या घरी जुनी कीर्तनाची वही, भजनाची वही, मंडळीच्या सभांची टिपणं, मोडी असो की बाळबोध, पडलेली असतील त्यांनी ती सभेच्या आधी मला द्या, मी फोटो काढून त्याच दिवशी परत करीन. स्मरणिका छापायला जाईपर्यंत अर्जाचा निकाल लागलेला असेल, आणि तो काहीही लागला तरी त्या सभेची तारीख मी माझ्या दोन पानांत घालणार आहे.